उंदराला ओकारी येत नाही

औषधांच्या इतिहासावरच्या या मालिकेत आपण आतापर्यंत शास्त्रज्ञ पाहिले, रोगी पाहिले, कंपन्या आणि कायदेही पाहिले. हा सगळा इतिहास ज्यांच्या अंगावरून गेला, त्या प्राण्यांविषयी आज बोलू. सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

फार्माकॉलॉजीच्या पदव्युत्तर परीक्षेची तोंडी होती. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, शांत स्वभावाचे गृहस्थ. त्यांनी विचारलं, “ओकारी थांबवणारं नवं औषध तुझ्या हातात दिलं, तर ते कोणत्या प्राण्यावर तपासशील?”

“रॅटवर, सर.”

“कसं?”

“आधी ओकारी आणणारं काहीतरी देईन. मग आपलं औषध दिल्यावर ओकारी कमी होते का ते मोजीन.”

“पहिली ओकारी होईपर्यंत किती वेळ थांबशील?”

“होईपर्यंत थांबेन, सर.”

“मग जन्मभर बसून राहा. उंदराला ओकारी येत नाही.”

सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले होते. दोन वर्षं मी उंदीर हाताळले होते, त्यांना सुया टोचल्या होत्या, त्यांची वजनं लिहिली होती, आणि एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. ओकारी घडवून आणणारी मज्जासंस्थेतली जुळणीच उंदरात नाही. उंदीर मारण्याची विषं इतकी चालतात, त्यामागे हेही एक कारण आहे. पोटात गेलेलं त्याला बाहेर टाकता येत नाही. फार मळमळलं तर तो माती खातो.

कर्करोगावरच्या सिस्प्लॅटिन या औषधाने रोग्यांना भयंकर ओकाऱ्या होतात. त्यावर उपाय शोधताना संशोधकांना फेरेट घ्यावा लागला. दिसायला थोडा मुंगसासारखा असलेला हा प्राणी माणसासारखाच ओकतो. आज आपल्याकडे कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ऑनडॅनसेट्रॉनच्या जातीची औषधं या फेरेटच्या मदतीने पुढे आली. १९८७ मध्ये जपानी संशोधकांनी आणखी एक ओकणारा प्राणी पुढे आणला. तो म्हणजे आपल्या मोरीत, कोठीत रात्री चिर्रर करत पळणारी चिचुंद्री. आपण तिला उंदराची बहीण समजतो, पण ती उंदरांच्या कुळातली नाही, आणि तिला ओकारी येते.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. औषध प्राण्यांवर तपासतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण कोणत्या प्राण्यावर, आणि तोच का? औषधांच्या इतिहासातली काही मोठी यशं आणि काही मोठे घात या एका निवडीवर ठरले आहेत.

एक खुलासा करून ठेवतो. आपण मराठीत ज्या सगळ्यांना उंदीर म्हणतो, त्यांत प्रयोगशाळा दोन वेगळे प्राणी मानते. मोठा तो रॅट, आणि वीस-पंचवीस ग्रॅमचा चिमुकला तो माउस. जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे मी हेच शब्द वापरीन.

आठ माउस

शनिवार, २५ मे १९४०. युरोपात युद्ध पेटलेलं, ब्रिटिश सैन्य डंकर्ककडे मागे हटत होतं. ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ पांढऱ्या माउसना जीवघेण्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंची सुई टोचली. एका तासानंतर चौघांना पेनिसिलिन दिलं, चौघांना काहीच दिलं नाही. नॉर्मन हीटली रात्रभर पिंजऱ्यांपाशी बसून राहिले. पहाटे साडेतीनपर्यंत औषध न मिळालेले चारही माउस मेले होते. औषध मिळालेले चारही जिवंत होते. ऑगस्टमध्ये लॅन्सेट या नियतकालिकात निबंध आला आणि पेनिसिलिनच्या युगाला सुरुवात झाली.

आता समजा, त्या शनिवारी पिंजऱ्यात माउसऐवजी गिनीपिग असते तर? त्या काळी जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळांत गिनीपिगचाच बोलबाला होता. त्यांच्यावर प्रयोग करणं कुणालाही वावगं वाटलं नसतं. पण गिनीपिगला पेनिसिलिन मानवत नाही. हे १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसलं. त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू या औषधाने मरतात, त्यांची जागा घातक जंतू घेतात आणि त्यांच्या विषाने प्राणी दगावतो. ऑक्सफर्डचा पहिला प्रयोग गिनीपिगवर झाला असता, तर वहीत ‘विषारी पदार्थ’ अशी नोंद होऊन पेनिसिलिन आणखी काही वर्षं कपाटात पडून राहिलं असतं, असं मानायला जागा आहे.

म्हणजे इथे निवड बरोबर पडली. पण ती बरोबर आहे हे निवडताना कुणालाच माहीत नव्हतं.

मुंबईचा उंदीर, मद्रासचा उंदीर

प्राण्याची जात ठरली की निवड संपली, असंही नाही. याचा धडा आपल्या मुंबईत मिळाला आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा पुढे परळला गेली आणि १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग. मग प्लेगचा अभ्यास उंदरावर करावा, यापेक्षा सरळ काय असणार? पण मुंबईच्या रस्त्यांवरून धरून आणलेले उंदीर प्लेगचे जंतू टोचूनही सहजी मरेनात. मद्रासच्या बाजूचे, जिथे प्लेगचा जोर झाला नव्हता तिथले उंदीर मात्र पटापट मरत. मुंबईत वर्षानुवर्षं साथी येऊन गेल्या होत्या. कच्चे उंदीर मरून गेले होते आणि उरले होते ते टिकाऊ उंदरांचे वंशज. हाफकिन संस्थेतले सोखी आणि चित्रे यांनी १९३७ मध्ये भारतातल्या रानटी उंदरांच्या या प्रतिकारशक्तीवर निबंधच प्रसिद्ध केला.

आता विचार करा. एखादं औषध दिल्यावर मुंबईचा उंदीर जगला, तर तो औषधामुळे जगला की त्याच्या आज्या-पणज्या साथीतून वाचल्या होत्या म्हणून? सांगता येणार नाही. म्हणून एकसारख्या वाढवलेल्या, एकसारख्या संवेदनशील पांढऱ्या माउसवर काम करणं भाग होतं. १९४१ मध्ये वागळे, सोखी, दीक्षित आणि गणपती यांनी प्लेगवर सल्फा औषधांच्या वापराचं काम प्रसिद्ध केलं, त्यामागे ही शिस्त होती. प्रयोगशाळेतले सगळे उंदीर जुळ्या भावंडांसारखे का दिसतात, असं विद्यार्थी विचारतात तेव्हा मी त्यांना परळची ही गोष्ट सांगतो.

न विचारलेला प्रश्न

आता घात झालेली गोष्ट. १ ऑक्टोबर १९५७ रोजी पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आलं. झोपेसाठी, बेचैनीसाठी, आणि पुढे गरोदरपणातल्या मळमळीसाठीही. उंदरांना कितीही मोठा डोस दिला तरी ते मरत नव्हते, म्हणून अत्यंत सुरक्षित अशी त्याची जाहिरात झाली. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते मागे घेतलं गेलं, तोवर जगभरात सुमारे दहा हजार बाळं हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा आहे म्हणत परवानगी अडवून धरली, म्हणून तो देश बराचसा वाचला.

या प्रकरणावरून लोक दोन टोकाचे निष्कर्ष काढतात. कुणी म्हणतं, पाहा, प्राण्यांवरचे प्रयोग निरुपयोगी. कुणी म्हणतं, प्रयोग आणखी केले असते तर हे टळलं असतं. दोन्ही अर्धवट आहेत. बाजारात आणण्याआधी गाभण प्राण्यांवर हे औषध नीट तपासलंच नव्हतं. आईच्या पोटातल्या जिवाला काय होईल, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. पण समजा विचारला असता, आणि सवयीप्रमाणे उंदरालाच विचारला असता, तरी फसगतच झाली असती. रॅट आणि माउस यांची पिल्लं या औषधाला दाद देत नाहीत. १९६२ मध्ये न्यूझीलंड व्हाइट जातीच्या सशांवर प्रयोग झाले, तेव्हा पिल्लांत तशीच व्यंगं दिसली. माकडांतही दिसली.

कारण कळायला जवळपास पन्नास वर्षं लागली. थॅलिडोमाइड शरीरातल्या सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, हे २०१० मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. माउसच्या सेरेब्लॉनमध्ये एका मोक्याच्या जागी एक अमिनो आम्ल वेगळं आहे. माउसची पिल्लं वाचतात आणि माणसाचं मूल वाचत नाही, त्यामागे हा फरक एक कारण आहे. आज गर्भावरचा परिणाम तपासताना एक कृंतक आणि एक अकृंतक, बहुधा रॅट आणि ससा, असे दोन प्राणी घेण्याचा जो नियम आहे, त्याच्या मागे ही बाळं उभी आहेत.

कोंबडीने वाचवलेलं औषध

चुकीचा प्राणी वाईट औषधाला पास करतो, तसाच चांगल्या औषधाला नापासही करतो. नापास झालेल्या औषधाची मात्र बातमी होत नाही. एकच गोष्ट सांगतो, कारण ती थोडक्यात वाचली.

टोकियोच्या सांक्यो कंपनीतले अकिरा एंडो १९७१ पासून असा पदार्थ शोधत होते, की जो यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची क्रिया अडवेल. सुमारे सहा हजार बुरश्या आणि जंतू चाळल्यावर, क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत त्यांना तो सापडला. त्याचं नाव कॉम्पॅक्टिन. काचेच्या नळीत ते उत्तम काम करी. रॅटला दिलं, आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल हललंसुद्धा नाही. कंपनीच्या दृष्टीने विषय संपला होता.

एंडो मात्र मागे लागले. रॅटच्या रक्तात आपल्यासारखं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, मुळातच फार थोडं असतं. शिवाय औषधाने यकृतातलं विकर अडवलं की रॅटचं यकृत तेच विकर कितीतरी पटीने जास्त बनवून मोकळं होतं. १९७६ च्या सुरुवातीला एका संध्याकाळी गुत्त्यात एंडोंची गाठ नोरितोशी किटानो या सहकाऱ्याशी पडली. किटानो अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर काम करत होते. अंड्याच्या बलकात भरपूर कोलेस्टेरॉल असतं, म्हणजे ते कोंबडीच्या शरीरात भरपूर बनत असणार, हा साधा तर्क. किटानोंच्या कोंबड्यांना कॉम्पॅक्टिन दिलं आणि त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आलं. मग कुत्रे, मग माकडं, आणि १९७८ मध्ये रोगी.

पुढेही अडथळे आले. दीर्घकाळ फार मोठे डोस दिलेल्या कुत्र्यांच्या आतड्यांत कर्करोगासारखे बदल दिसल्याचा निष्कर्ष निघाला आणि १९८० मध्ये सांक्योने काम थांबवलं. त्याच कुळातलं लोव्हास्टॅटिन अमेरिकेत १९८७ मध्ये मंजूर झालं. आज तुमच्या-माझ्या घरात रात्री जेवल्यावर कुणी ना कुणी स्टॅटिनची गोळी घेत असतं. २०२४ मध्ये एंडो वारले, त्या दिवशी मी माझी स्वतःची गोळी हातात घेऊन जरा वेळ थांबलो होतो.

थांबण्याला आणखी एक कारण होतं. माझा पदव्युत्तर प्रबंध कोलेस्टेरॉलवरच होता. एका वनस्पतीचा अर्क मी ३६ रॅटना दिला. रॅटच का? तर आमच्या प्राणीगृहात रॅट होते. दुसरं कारण नव्हतं, आणि ते मला कुणी विचारलंही नाही. त्यांचं कोलेस्टेरॉल हललं नाही. ‘अर्क निष्प्रभ’ असं मी लिहिलं, प्रबंधाला कापडी बांधणी केली आणि पदवी घेतली. पुढे पुष्कळ वर्षांनी एंडोंची हकिगत वाचली तेव्हा लक्षात आलं, की माझ्या वाक्याला आधारच नव्हता. तो अर्क निरुपयोगी असेल, किंवा नसेलही. रॅट ते सांगू शकत नव्हते. ३६ जीव गेले आणि प्रश्न जिथे होता तिथेच राहिला.

सारखेपणाचा भास

मग माणसाच्या सर्वांत जवळचा प्राणी घ्यावा, म्हणजे झालं, असं वाटतं. १३ मार्च २००६ रोजी लंडनमध्ये ही समजूत कोसळली. टीजीएन१४१२ नावाची नवी प्रतिपिंडं सहा निरोगी स्वयंसेवकांना टोचली गेली. माकडांना जो डोस मानवला होता त्याच्या पाचशेव्या भागाइतका हा डोस होता. काही तासांत सहाही तरुण अतिदक्षता विभागात होते, एकामागून एक अवयव निकामी होत होते. सगळे वाचले, पण एकाला हातापायाच्या बोटांचे भाग गमवावे लागले.

हे औषध पांढऱ्या पेशींवरच्या सीडी२८ या खुंटीला चिकटतं. माकडाची खुंटी माणसासारखीच आहे, हे आधी तपासलं होतं, आणि ते बरोबर होतं. पण ज्या अनुभवी लढाऊ पेशी माणसात या खुंटीमुळे खवळल्या, त्या पेशींवर माकडात ती खुंटी नसते. कुलूप तेच, पण दार वेगळं. केवळ जवळचं नातं पुरत नाही. आपल्या औषधाला ज्या जागी काम करायचं आहे, नेमकी ती जागा सारखी असावी लागते.

ज्याला कुणी विचारलंच नाही

शेवटची गोष्ट आपल्या माळरानांवरची. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध माणसाला चालतं, गाई-बैलांनाही चालतं. पण औषध घेतलेलं जनावर मेलं, की ते गिधाडं खातात. १९९० च्या दशकात भरतपूरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांना गिधाडं घटताना दिसली. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. कारण २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून उघड झालं. मेलेल्या गुरांतलं थोडंसं डायक्लोफिनॅकही गिधाडाची मूत्रपिंडं बंद पाडतं.

इथे प्राणी हा माणसाचा नमुना नव्हता. तो स्वतःच औषधाचा बळी होता, आणि त्याच्यावर काय होईल हे कुणी तपासलं नव्हतं. पर्याय शोधताना मात्र निवड विचारपूर्वक झाली. मेलॉक्सिकॅम आधी आफ्रिकेतल्या, त्या वेळी संख्येने पुष्कळ असलेल्या नातेवाईक गिधाडांना दिलं. ते सुखरूप राहिल्यावरच आपल्याकडच्या मोजक्या उरलेल्या गिधाडांवर तपासलं. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली.

आता काळ बदलतो आहे. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी तीन सूत्रं मांडली. शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरं साधन वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा, त्यांच्या वेदना कमी करा. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, आपल्या देशात प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आला. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या भारतीय नियमांत दुरुस्ती होऊन मानवी पेशींपासून बनवलेल्या सूक्ष्म अवयवांसारख्या पद्धतींना जागा मिळाली. या पद्धतींचं मी मनापासून स्वागत करतो. पण काचपट्टीवरचं यकृत हेसुद्धा एक प्रतिरूपच आहे. त्यालाही पोट नाही, गर्भ नाही. ते कशाचं उत्तर देऊ शकतं आणि कशाचं नाही, हे तिथेही विचारावंच लागेल.

प्राण्यांवर प्रयोग करावेत की नाही, यावर तुमचं मत माझ्यापेक्षा वेगळं असेल. माझी पेनिसिलिनने वाचलेली माणसं या बाजूला आहेत, आणि माझे ३६ रॅट त्या बाजूला. मला हा हिशोब पूर्ण जुळवता आलेला नाही. पण एवढं नक्की वाटतं, की उत्तर देऊ न शकणाऱ्या प्राण्याला प्रश्न विचारून त्याचा जीव घेणं, याला कोणत्याही बाजूने समर्थन नाही. म्हणून विद्यार्थी प्रयोगाचा अर्ज घेऊन सहीला येतात, तेव्हा मी एका रिकाम्या कागदावर दोन ओळी लिहायला सांगतो. हाच प्राणी का? आणि त्याचं उत्तर उलटं आलं, तर तुम्ही तुमचं मत बदलाल का?

पहिल्या ओळीत ‘उपलब्ध आहे म्हणून’ असं आलं, की मी अर्ज परत देतो.